गुराच्या नाकातोंडातून चारा परत येतो तेव्हा



माणसाच्या घशाशी अन्न आलं की आपण म्हणतो, पोट बिघडलं. गाईम्हशीचं याच्या अगदी उलट आहे. खाल्लेला चारा पोटातून पुन्हा तोंडात येणं हे तिच्या चांगल्या तब्येतीचं पहिलं लक्षण. तो यायचा थांबला की घरातली म्हातारी माणसं लगेच ओळखतात, "आज हिचा रवंथ नाही, काहीतरी बिनसलंय." पण हाच चारा तोंडातून गळू लागला, नाकपुड्यांतून पाण्याबरोबर बाहेर पडू लागला, तर तो रवंथ नव्हे. ते दुखणं आहे, आणि त्यातली काही दुखणी थोड्या तासांत जनावर दावणीवरून नेणारी आहेत. अशा वेळी आपल्याकडे पहिला हात जातो तो तेलाच्या बाटलीकडे. तीच बाटली कित्येकदा घात करते. हे कसं होतं आणि त्याऐवजी काय करायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

रवंथाचं चारा परत येणं

गाय चरते ती घाईने. जिभेने गवत ओढायचं, दोनचार वेळा दाताखाली घालायचं आणि गिळून टाकायचं. हा अर्धवट चावलेला चारा कोटीपोटात जातो. पोटाची सगळी डावी बाजू व्यापणारी ही पिशवी मोठ्या गाईत शंभर लिटरहूनही जास्त माल धरते. तिला लागून पुढे जाळीपोट असतं, आतून मधमाशांच्या पोळ्यासारखं. त्यानंतर पडदेपोट आणि सर्वांत शेवटी खरं पोट, जिथे आपल्या पोटासारखा आंबट रस सुटतो.

गाय सावलीला बसली, की जाळीपोट आकसतं. त्याच वेळी गाय श्वास ओढल्यासारखी छाती फुगवते, पण श्वासनलिकेचं तोंड मिटून घेते. त्यामुळे छातीत ओढ तयार होते आणि भिजलेल्या चाऱ्याचा एक घास अन्ननलिकेत खेचला जातो. तिथून नळीच उलट्या लाटेने तो तोंडाशी पोचवते. मानेच्या डाव्या अंगाला नीट पाहिलंत तर गोळा सरसर वर जाताना दिसतो. तोंडात आल्यावर गाय त्यातलं पाणी पिळून गिळते, उरलेला चोथा साधारण ५० ते ६० वेळा चावते, गिळते, काही क्षण थांबते, की दुसरा गोळा वर. असं दिवसाकाठी सहा ते आठ तास चालतं. घरातल्या शाळकरी मुलाला हे चावणं मोजायला सांगा. त्याचा खेळ होईल आणि तुम्हाला जनावराची खबर कळेल. एका घासाला चाळीसच्याही खाली चावणं येत असेल तर वैरणीत काहीतरी कमी आहे असं समजावं. बहुधा कडब्यासारखा लांब धाग्याचा चारा कमी आणि पेंड-भरडा जास्त, असाच हिशेब निघतो. गोठ्यात निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून जास्त जनावरं रवंथ करीत असली पाहिजेत.

चावताना सुटणारी लाळही फुकट जात नाही. मोठ्या संकरित गाईला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते आणि तिच्यात खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. कोटीपोटातली आंबट धार तोच मारतो.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोटीपोटात चारा आंबत असतो आणि त्याचा वायू सतत तयार होत असतो. मोठ्या जनावरात खाल्ल्यानंतर तासाला ३० ते ५० लिटर. हा वायू ढेकरेने बाहेर पडतो, आणि ढेकरेचा रस्ता अन्ननलिकाच. चारा खाली जायचा रस्ता, रवंथ वर यायचा रस्ता आणि वायू बाहेर पडायचा रस्ता एकच आहे. तो बंद झाला की तिन्ही कामं एकदम अडतात.

घशात अडकलं तर

नाकातोंडातून चारा परत येण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे अन्ननलिकेत काहीतरी अडकणं. उन्हाळ्यात आंब्याची कोय. कांदे-बटाटे निघाले की शेताच्या बांधावर पडलेला फेकमाल. हंगामात उसाचं कांडं, एरवी रताळं, मुळा, बीट, कोबीचा दांडा, मक्याचं कणीस. कधी चिंधी, कधी चामड्याचा तुकडा. गाईचे वरचे पुढचे दात नसतातच, त्यामुळे गुळगुळीत गोल वस्तू तिला धरून तोडता येत नाही. ती जिभेने आत ओढते आणि तशीच गिळू पाहते. त्यातून कोणी हुसकलं, की हमखास घोटाळा. वाटेत कांद्याच्या ढिगाला तोंड लावलेल्या गाईला काठी घेऊन पळवलं, तर ती तोंडातला कांदा टाकत नाही, गिळून पळते. (कांदा भरपूर खाण्यात आला तर त्याचा वेगळा अपाय आहे. रक्त फुटतं आणि लघवी लालसर होते. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

लक्षणं एकाएकी दिसतात. खाता खाता जनावर थांबतं. मान पुढे ताणतं, डोकं खालीवर करतं, रिकामं तोंड चावतं, खोकतं. फेसाळ लाळेच्या तारा लोंबू लागतात. पाणी प्यायला गेलं तर प्यालेलं पाणी नाकातून परत येतं. अडकलेली वस्तू मानेच्या भागात असेल तर डाव्या बाजूला हाताला गाठ लागते. छातीत उतरलेली असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. रस्ता पुरता बंद असेल तर थोड्याच वेळात डाव्या कुशीचा खळगा, म्हणजे भकाळी, भरून येते आणि मग फुगते. ढोलासारखी वाजते. फुगलेलं पोट फुफ्फुसांवर रेटा देतं, आणि जनावर दगावतं ते श्वास कोंडून.

परत आलेला चारा हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पाहावा. नुकताच खाल्लेला, ओळखू येणारा, फेसाळ लाळेत माखलेला आणि वास चाऱ्याचाच येत असेल, तर तो कोटीपोटापर्यंत पोचलेलाच नाही. वाटेत अडथळा आहे. उलट तपकिरी-हिरवं पाणी, आंबूस कुबट वास असा माल असेल तर तो कोटीपोटातून वर आला आहे, म्हणजे बिघाड खाली आहे. डॉक्टरांना एवढं जरी नीट सांगितलंत तरी त्यांचं निम्मं काम होतं.

आता तेलाच्या बाटलीविषयी. आपला विचार असा असतो, की घसा ओला झाला, तेलकट झाला, की वस्तू सरकेल. पण रस्ता बंद आहे. वरून ओतलेलं तेल खाली जाणार कुठे? ते घशात साचतं, आणि घशाला दोन दारं असतात. दुसरं दार फुफ्फुसांचं. त्यात आपण जनावराचं तोंड आभाळाकडे करून, जीभ धरून ओततो. जीभ धरली की गिळता येत नाही आणि तोंड वर केलं की द्रव आपोआप श्वासनलिकेकडे वाहतो. पुढे दोनतीन दिवसांत ताप, धाप, नाकातून घाण वासाचा स्राव. अडकलेली कोय निघते, गाय मात्र न्यूमोनियाने जाते, आणि लोक म्हणतात, नशिबात नव्हतं. नशिबाचा यात काही संबंध नाही. ज्या जनावराला गिळता येत नाही, त्याच्या तोंडात तेल, पाणी, काढा, ताक, औषध काहीही ओतायचं नाही. चमचाभरसुद्धा नाही.

दुसरी वाईट खोड म्हणजे काठी, बांबू किंवा पाण्याचा कडक पाइप घशात घालून वस्तू ढकलायची. अन्ननलिकेची भिंत मऊ असते आणि अडकलेल्या जागी ती सुजून आणखी नाजूक झालेली असते. काठीने ती फाटली की चारा आणि लाळ मानेच्या मांसात, छातीत उतरते. मग चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरचाही इलाज सहसा चालत नाही. मानेवर बाहेरून लाकूड ठेवून ठोकणं, जनावराला पळवणं, हेही नको.

मग करायचं काय? आधी वैरण आणि पाणी दोन्ही पुढून काढून घ्या. जनावर उभं ठेवा, पुढचे पाय चढावर येतील असं, म्हणजे पोटाचा भार छातीवर येत नाही. दावं सैल करा. डोकं खाली सोडू द्या, म्हणजे लाळ बाहेर गळेल, आत जाणार नाही. बसलंच तर छातीवर बसवा, कुशीवर आडवं होऊ देऊ नका. आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. महाराष्ट्रात १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास पैसे पडत नाहीत, आणि फिरतं पशुवैद्यकीय पथक असलेल्या भागात गाडी दारापर्यंत येते. डॉक्टर येईपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी भकाळी पाहा. ती पाठीच्या कण्याच्या वर येऊ लागली, जनावर जीभ काढून धापू लागलं, तर तसं पुन्हा कळवा. ही वाट पाहण्याची वेळ नव्हे. काही वेळा लाळेने भिजून अडकलेली वस्तू आपोआप खाली सरकते. तसं झालं तर लाळ थांबते, ढेकर येते, पोट उतरतं. तरीही डॉक्टरांना दाखवून घ्यावं, आणि एक-दोन दिवस मऊ ओला चाराच द्यावा.

हात घालण्यापूर्वी थांबा

घशाजवळ अडकलं असेल तर तोंडात हात घालून काढायचा मोह होतो. इथे कळकळीने सांगतो, घालू नका. एक तर दाढांत बोटं सापडतात. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे.

पिसाळलेलं जनावर सुरुवातीला अगदी असंच दिसतं. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, लाळ गळते, चारा तोंडातून पडतो. पाहणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. कुत्रा चावल्याला तोवर आठवडे, कधी महिने लोटलेले असतात आणि जखम बुजून गेलेली असते, त्यामुळे कोणाला आठवतही नाही. आवाज बदललेला, घोगरा; विनाकारण हंबरणं; मागचा भाग लटपटणं; अंगावर धावणं किंवा एकदम सुन्न होणं, यांतलं काहीही लाळेच्या जोडीला दिसलं, तर त्या जनावराला वेगळं बांधा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. दूध वापरू नका. लाळ हाताला, विशेषतः ओरखड्याला लागली असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगाला इलाज नाही, गुरालाही नाही आणि माणसालाही नाही. लस वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. म्हणून लाळ गळणाऱ्या कोणत्याही जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, मग कोय समोर दिसत का असेना.

लाळ गळण्याची आणखी दोन कारणं आपल्या परिचयाची आहेत. लाळ्या-खुरकूतमध्ये तोंडात फोड आणि खुरांत जखमा असतात, आणि बहुधा एकाच वेळी अनेक जनावरं आजारी असतात. घटसर्पात घशाखाली गरम सूज येते, ताप सणकून चढतो, श्वास घरघरतो. नुसत्या कोय अडकलेल्या जनावराला सुरुवातीला ताप नसतो. कानाचं मूळ चाचपून ताप ठरवण्यापेक्षा थर्मामीटर गोठ्यात टांगून ठेवावा हे बरं. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घेतली असेल तर ती चिंता बरीच कमी होते.

डॉक्टर काय करतात

डॉक्टर तोंड उघडं राहील असं साधन दातांत बसवतात, घशाजवळची वस्तू बाहेरून वर दाबत आणून हाताने काढतात. खाली असेल तर स्नायू सैल पडण्याचं इंजेक्शन देऊन, वंगण लावलेली लवचिक नळी हलक्या हाताने घालतात. पोट फार फुगलं असेल तर आधी वायू काढावा लागतो. त्यासाठी डाव्या भकाळीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ट्रोकार नावाची टोकदार नळी टोचतात. सूं करून हवा निघते. बघणारी माणसं घाबरतात, काही जण डॉक्टरांचा हात धरतात. धरू नका. ते भोक भरून येतं. वायू निघाला की जनावराला उसंत मिळते, आणि अडकलेलं काढायला डॉक्टरांना वेळ मिळतो. अगदीच न निघणारी वस्तू मान उघडून काढावी लागते.

उशीर मात्र परवडत नाही. वस्तू दिवस-दीड दिवस एकाच जागी दाबून राहिली, तर तिथलं अस्तर मरतं. पुढे वस्तू निघाली तरी तिथे नळी आवळून येते आणि जनावर कायमचं अडखळत खातं.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

एकदम न होता महिनाभर थोडं थोडं होणारं दुखणं निराळं. म्हैस खाते, मग पोट फुगतं, उतरतं, पुन्हा फुगतं. दूध घटत जातं, शेण थोडं आणि चिकट, आणि अधूनमधून खाल्लेलं तोंडावाटे परत येतं. अशा म्हशीत छाती आणि पोट यांच्या मधला पडदा फाटलेला असू शकतो. मुळात बऱ्याचदा एखादी तार किंवा खिळा असतो. गाईम्हशी निवडून खात नाहीत. कुट्टीबरोबर आलेला तारेचा तुकडा जाळीपोटात जाऊन बसतो आणि ते पोट आकसलं की पुढे टोचत जातो. पलीकडे पडदा, आणि त्याच्या पलीकडे काळीज. पडदा फाटला की जाळीपोट छातीत शिरतं. गाभणपण आणि वेताच्या कळा यांनी पोटावर येणारा ताण भर घालतो. याचं निदान क्ष-किरणाने होतं आणि उपाय शस्त्रक्रियेचा आहे. पाचक चूर्णांवर महिने घालवले तर म्हैस खंगते, आणि मग शस्त्रक्रियाही सोसवत नाही. पंधरा दिवसांत तीनदा पोट फुगलं, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या चिकित्सालयात, नाहीतर पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं.

पोळ्याचा सण आला की एक वेगळंच दुखणं येतं. वर्षभर कडबा खाणाऱ्या बैलाला आपण प्रेमाने पुरणपोळ्या चारतो, घरोघर दारात थांबवून चारतो. लग्नानंतर उरलेला भात, बुंदी गुरांपुढे टाकतो तेही तसंच. एवढं पिठूळ आणि गोड अन्न एकदम कोटीपोटात गेलं की तिथे आंबटपणा भडकतो, पोटाची हालचाल बंद पडते, आत पाणी साचून डचमळतं. जनावर सुस्त होतं, बसतं, आणि मग आडवं पडल्यावर कोटीपोटातलं पाणी तोंडाशी येऊ शकतं. मानाची एक पोळी द्यावी, बाकीचा नैवेद्य हिरव्या चाऱ्याचा. बैलाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आडव्या जनावराची गोष्ट सगळ्या आजारांना लागू आहे. व्यायल्यानंतर दुग्धज्वराने पडलेली गाय कुशीवर पसरली तर ढेकर येत नाही, पोट फुगतं, आणि आतलं पाणी घशात येऊन फुफ्फुसांत जातं. डॉक्टर कॅल्शियम देईपर्यंत ती हाती असायला हवी. म्हणून पोत्यात भुसा भरून दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा आणि तिला छातीवर बसती ठेवावी. हिलाही तोंडातून काही पाजू नये.

वासराच्या नाकातून दूध

नवजात वासराच्या नाकातून दूध येत असेल तर त्याचा जबडा उघडून टाळू पाहा. कधी जन्मतःच टाळूला फट असते आणि दूध त्यातून नाकात जातं. टाळू धड असेल तर पाजण्याची रीत तपासा. बाटलीच्या बुचाचं भोक मोठं केलेलं असतं, किंवा वासराचं डोकं फार वर धरलेलं असतं. आईला पिताना वासरू मान लांब करून, तोंड थोडंसंच वर ठेवून पितं. तशीच उंची ठेवावी. थेंब थेंब ओढायला लावावं, ओतू नये. ठसका लागला की बाटली ताबडतोब खाली.

दावणीपाशी काय बदलावं

बटाटा, बीट, रताळं, मुळा घालायचेच तर विळीवर पातळ चकत्या करून, किंवा नीट ठेचून. अर्धवट कापलेले जाड गोल तुकडे सगळ्यांत वाईट, ते अख्ख्या बटाट्यापेक्षाही सोपे गिळले जातात. कोयी खड्ड्यात टाकाव्यात, उकिरड्यावर नव्हे. उसाची कांडी कुट्टी यंत्रातूनच काढावी. उपाशी जनावर अधाशासारखं खातं, म्हणून असली वैरण घालण्याआधी थोडा कडबा द्यावा, आणि दांडगी जनावरं एकमेकांचं ओढून खात असतील तर दूर बांधावी. कुंपणाच्या तारा, बांधकामाचे खिळे, पेंडीच्या पोत्यांचा सुतळीदोरा वेचून ठेवावा. कुट्टी करण्याआधी पेंढीवरून लोहचुंबक फिरवलं तर तारेचा तुकडा पोटात जाण्याआधीच हाती लागतो.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा या गोष्टी सांगा: जनावर कोणतं, गाभण की व्यायलेलं, शेवटी काय खाल्लं आणि किती वाजता, परत आलेला माल कसा दिसतो, डावी भकाळी किती भरली आहे, ताप आहे का, मागच्या काही महिन्यांत कुत्रा चावला होता का, आणि कोणी काही पाजलं आहे का. हे शेवटचं लपवू नका. तेल पाजून झालं असेल तर डॉक्टरांना फुफ्फुसांचा इलाजही त्याच दिवशी सुरू करता येतो.